विनीची कोठी दिसेनाशी झाली

लुइसटाउन, मोंटाना
३ जून २०१२

प्रिय क्लेटन,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या आईला दर रविवारी लिहायचे, तिच्यामागे आता तुला लिहिते, एवढंच. ईमेलवर माझा राग नाही, पण भांडायचं असलं की मला कागद लागतो. आणि आज थोडं भांडायचंच आहे.

माझी ‘विनीची कोठी’ गायब झाली आहे. म्हणजे पत्ता टाइप केला तर साइट उघडते, पण तुमच्या सर्च इंजिनात शोधली तर सापडत नाही. मागच्या वर्षापर्यंत कुणी विचारलं की ‘फरसबी बरणीत कशी टिकवायची’, तर सगळ्यात वर माझं पान यायचं. आता मी माझं स्वतःचं नाव घालून बघितलं, तर आयोवातल्या कुणा विनीचं कुत्र्यांचं पार्लर आलं.

हार्लन म्हणतो, असं होतं कधीकधी, थांब. हार्लन ओस्बी म्हणजे समोरच्या घरातला, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. साइटचं यंत्राचं सगळं काम तोच बघतो, मी नुसती लिहिते. पण मी किती थांबू? मला मानपान नको आहे रे. आता सगळ्यात वर जे पान येतं, ते मी वाचलं. कुणा बाईनं लिहिलंय की फरसबी बरणीत भरून नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवा, माझी आजी असंच करायची. आजी नशीबवान होती म्हणायची. फरसबीला कुकरसारख्या बंद भांड्यातलं प्रेशर लागतं. नुसत्या उकळीनं तो जंतू मरत नाही. बंद बरणीत बसून तो जे विष तयार करतो, त्याला ना वास ना रंग. जन्मभर शाळेत गृहशास्त्र शिकवताना मी हे एकच वाक्य जीव तोडून सांगत आले. ऑगस्टात बागा फरसबीनं भरतील आणि लोक त्या बाईचं ऐकतील.

तू तिथेच काम करतोस, तेही नेमकं त्याच खात्यात. कुठल्या साइटला शिक्षा करायची ते ठरवणाऱ्या. तुझ्या आईनं फुशारकीनं सांगितलं होतं. तर बाळा, कुणाच्या तरी कानावर घाल. एखादं बटण दाबायचं असेल तर दाब.

तुझी,
विनी मावशी

सॅन होजे
११ जून

प्रिय विनी मावशी,

नाही. पहिल्याच ओळीत लिहितो, कारण वाईट बातमी जेवणानंतर दिली की अन्नही बाधतं आणि बातमीही, असं तूच मला सांगायचीस.

मी कुणाच्या कानावर घालणार नाही आणि बटणही दाबणार नाही. तू माझी मावशी आहेस म्हणून तर मुळीच नाही. तुझ्या साइटबद्दल आत काय नोंद आहे, ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. आमचे नियम उघड्यावर छापलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. त्यातलंच एक तुला सांगतो, जे मी रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं असतं.

एखादं पान किती भरवशाचं, हे सर्च इंजिन कसं ठरवतं? इतर किती साइट त्याच्याकडे बोट दाखवतात, त्यावरून बरंचसं. लिंक म्हणजे ते बोट. ‘माझ्यापुढचं हवं असेल तर ह्यांच्याकडे जा’ असं एका माणसानं दुसऱ्याला मनापासून सांगणं. आता कुणी पैसे घेऊन बोट दाखवायला लागला तर? मग त्याच्या बोटावरचा विश्वास उडतो. बोट विकणाऱ्या साइटला आम्ही खाली ढकलतो, आणि कधीकधी अगदी दिसेनाशी करतो.

तुझी साइट मी घरून, साध्या वाचकासारखी उघडली. एवढंच कर. तुझं जर्दाळूच्या जॅमचं पान शेवटपर्यंत वाच. तू लिहिलंस असं समजून नको, दुसऱ्या कुणाचं म्हणून वाच.

रागावशील. रागाव. पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

क्लेटन

लुइसटाउन
१६ जून

क्लेटन,

वाचलं. शेवटच्या परिच्छेदात मी म्हणे लिहिलंय, ‘जॅम गार होईपर्यंत झटपट कर्जाचा विचार करायला हरकत नाही.’ ‘झटपट कर्ज’ निळ्या अक्षरात. त्यावर बोट ठेवलं तर नेवाडातली सावकारी कंपनी उघडते. टोमॅटोच्या पानावर केस गळतीचं औषध. बीटाच्या लोणच्यात जुगाराचा अड्डा!

हार्लनला बोलावलं. तो म्हणाला, चोर शिरले असतील, हल्ली साइट फोडतात. पोरा, घर फोडलेल्या बाईलाच तुम्ही शिक्षा देता? तुझी आई असती तर तिनं तुझा कान धरला असता. आता तरी सांग कुणाला तरी.

वि.

सॅन होजे
२३ जून

प्रिय मावशी,

सांगणार नाही. आणि आई असती तर कान नक्कीच धरला असता, मग तिनं मला वाढून दिलं असतं आणि तुला फोन करून म्हणाली असती की पोरगा बरोबर आहे.

एकच म्हणतो. साइट फोडणारे चोर घाईत असतात. एका रात्रीत सगळीकडे घाण करून जातात. जॅम गार होईपर्यंत थांबण्याइतका धीर त्यांच्याकडे नसतो. तू इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यास. ती वाक्यं पुन्हा तपास.

मी तुझ्या बाजूचा आहे. तसं वाटत नसेल, ते मला कळतं.

क्लेटन

लुइसटाउन
९ जुलै

प्रिय क्लेटन,

तपासली. आणि सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही एक दिवस वाटत होतं, म्हणून उशिरा लिहिते.

ती सगळी वाक्यं मी छापून घेतली आणि लाल पेन घेऊन बसले. प्रत्येक वाक्यात ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम. हवा तिथे, नको तिथे, सगळीकडे. असा स्वल्पविराम देणारा एकच माणूस मला माहीत आहे. दर नाताळात त्याचं शुभेच्छापत्र येतं.

हार्लन अंगणात गवत कापत होता. कागद त्याच्यापुढे धरले.

“हार्लन, हे चोर तुझ्याच शाळेत शिकलेले दिसतात.”

त्यानं मशीन बंद केलं. टोपी काढली. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“त्या लिंका मीच विकल्या, विनी.”

“का?”

“सर्व्हरचं भाडं वाढत गेलं. वाचायला येणारे वाढले ना, तसं तेही वाढलं. आधी मी पेन्शनमधून भरलं. मग माझ्या दातांचं निघालं, मग छपराचं. तेव्हाच एका कंपनीचा माणूस आला, म्हणाला जुन्या पानांत चार शब्द घालू द्या, आम्ही वर्षाचे पैसे देतो. जुनी पानं तू परत वाचत नाहीस.”

“मला विचारायचंस.”

“तू म्हणाली होतीस, ज्या दिवशी ह्याला पैसे मोजावे लागतील त्या दिवशी मी हे बंद करीन. विचारलं असतं तर बंद केलं असतंस.”

“हो, केलं असतं!”

“मग?” तो म्हणाला. नुसतं ‘मग?’.

मी आणखीच चिडले. तुमच्या कंपनीची ताकीद त्याला मागच्या हिवाळ्यातच आली होती. घाबरून त्यानं ती बाजूला ठेवली आणि चोरांची गोष्ट रचली. विकणं एक वेळ समजू शकते. पण मला समोर बसवून, माझ्याच हातचा ॲपल पाय खात ‘चोर असतील’ म्हणाला! मी म्हटलं, पासवर्ड लिहून दे आणि माझ्या पायरीवर पुन्हा दिसू नकोस. त्यानं लिहून दिले.

तेव्हापासून एकटी बसते आणि एकेक पान उघडून साफ करते. कसं करायचं ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात बघून शिकले. परवा तुमच्याकडे पुनर्विचाराचा अर्ज पाठवला. लिहिलं, की हे ज्यानं केलं तो माणूस आता साइटवर नाही आणि सगळ्या विकलेल्या लिंका काढल्या आहेत. एकच ठेवली, बिलिंग्जच्या ड्वोरॅकच्या दुकानाची. त्यानंही हार्लनला पैसे दिले होते, पण त्याच्या बरण्या मी स्वतः वापरते. त्या खरोखर चांगल्या आहेत, म्हणून ती लिंक खरी आहे.

विनी मावशी

लुइसटाउन
६ ऑगस्ट

प्रिय क्लेटन,

तुझं उत्तर आलं नाही आणि का आलं नाही ते मला आता कळतं. अर्जाबद्दल एक शब्द लिहिला असतास तरी ती मदत ठरली असती. तुमच्याकडून मात्र उत्तर आलं. नामंजूर. साइटवर अजून विकत दिलेल्या लिंका आहेत म्हणे.

मी दोन दिवस घरात भांडी आपटत होते. ड्वोरॅकच्या बरण्या चांगल्या आहेत! हे मी देवासमोर सांगीन!

मग जत्रेचा आठवडा आला. जिल्ह्याच्या जत्रेत जॅम-लोणच्यांची परीक्षक मी असते, तुला माहीत आहे. ह्या वर्षी तपासणीच्या आधी एडिथ मॅकाव्हॉय आली आणि माझ्या हातात घरी भाजलेला चेरी पाय ठेवला. “सहज केला होता, म्हटलं तुम्हाला आवडतो.” एडिथची काकडीची लोणची तालुक्यात सगळ्यात चांगली. पहिल्या नंबरची निळी फीत तिला मिळणारच होती. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तरी मी तो पाय परत दिला. “एडिथ, तुझी काकडी कशीही असो, हा पाय घेऊन मी तिला फीत दिली तर ती फीत फुकट गेली,” असं म्हटलं. ती म्हणाली, “पण काकडी चांगली आहे!” मी म्हटलं, “म्हणूनच.”

हे बोलले आणि तिथेच उभी राहिले. क्लेटन, लोक माझ्यामागे वाट बघत होते आणि मी ड्वोरॅकच्या बरण्यांचा विचार करत होते. तू जूनमध्ये पानभर लिहिलंस तेव्हा जे डोक्यात शिरलं नाही, ते एडिथचा पाय परत करताना शिरलं. माल चांगला आहे की वाईट, हा तुमचा प्रश्नच नाही. बोट दाखवणाऱ्यानं काही घेतलं होतं का, हा प्रश्न आहे.

ड्वोरॅककडे जायला हवं. पण ते नंतर. फरसबी आली आहे आणि साइट दिसत नाही, तेव्हा मी माझा घरचा फोन नंबरच वाटला आहे. शेतकी साप्ताहिकात छापला, सकाळच्या रेडिओवर सांगितला, जत्रेत खांबाखांबावर चिकटवला. ‘बरणी भरण्याआधी विनीला विचारा.’ फोन खणखणतो आहे. एका हातात चमचा, एका हातात रिसीव्हर.

मावशी

सॅन होजे
१४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझ्या अर्जाबद्दल अजूनही काही लिहिणार नाही. पण एडिथच्या पायबद्दल लिहू शकतो.

इथे आम्ही नव्या लोकांना ह्याच नियमाचे धडे देतो. फळ्यावर आकृत्या काढतो, बाण काढतो, तरी दर वेळी कुणीतरी हुशार मुलगी हात वर करून विचारते, “पण माल चांगला असेल तर?” आम्ही पुन्हा बाण काढतो. काल ती वेळ आली तेव्हा मी फळा पुसला आणि पायची गोष्ट सांगितली. नाव-गाव सांगितलं नाही. मग मागून एक जण म्हणाला, “बाईंनी पाय खरंच परत दिला? चेरीचा?”

तू फोन उचलतेस ह्याचं मला किती बरं वाटतं, ते इथे लिहीत नाही. नीट जेवत जा.

क्लेटन

लुइसटाउन
८ सप्टेंबर

प्रिय क्लेटन,

पुष्कळ घडलं आहे. क्रमानं सांगते.

फोन दिवाणखान्यात आणि चूल स्वयंपाकघरात, त्यामुळे माझी धावपळ चालली होती. एका सकाळी दार वाजलं. हार्लन. खांद्यावर टेलिफोन कंपनीची जुनी पिशवी.

“तुला रेडिओवर ऐकलं. धाप लागली होती,” तो म्हणाला. “वायर चुलीपर्यंत आणून देतो. मग जातो.”

मी बाजूला झाले. भिंतीला भोक पाडून, वायर ओढून, त्यानं चुलीच्या डोक्यावर फोन लावला. तेवढ्यात फोन वाजलाच. माझे हात पिठात होते. “उचल की,” मी म्हटलं. त्यानं उचलला. “विनीची कोठी,” असं म्हणाला. मी ओट्याकडे तोंड करून पीठ मळत राहिले. तो गेला नाही. मीही जा म्हटलं नाही.

मग वायोमिंगचा फोन. एक तरुण माणूस, वेस नावाचा. बायको मागे उभी होती, तिचा आवाज येत होता. रविवारी चर्चमध्ये जेवण, त्यासाठी बायकोनं स्वतःच्या बागेतली फरसबी महिन्यापूर्वी भरून ठेवलेली. त्याला एवढंच विचारायचं होतं की वाढण्याआधी किती गरम करू.

“प्रेशर किती दिलं होतं?” मी विचारलं.

“प्रेशर नाही बाई. उकळत्या पाण्यात तीन तास. इंटरनेटवर सगळ्यात वर तसंच होतं.”

मी चमचा खाली ठेवला. “बाळा, त्या बरण्या उघडू नकोस. चाखूही नकोस. टाकून दे.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“पण झाकणं घट्ट आहेत. वास नाही, फेस नाही. एकदम हिरवीगार आहे.”

“तेच तर. त्याला वास असता तर मला फोनवर बसावंच लागलं नसतं.”

मागून बायको म्हणाली, कोण म्हातारी आहे ही, हिचं का ऐकायचं? आणि क्लेटन, तिचं काय चुकलं? मी कोण? सर्च इंजिनात मी नव्हते. माझ्याकडे बोट दाखवणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, तिला फोन दे. तिचं नाव जोलीन. मी विचारलं, तुमचं गाव किती उंचावर आहे? ती म्हणाली, डोंगरातच आहोत. मग विचारलं, तिथे चहाचं पाणी खालच्या गावापेक्षा लवकर उकळतं की नाही? हो म्हणाली. “म्हणजे तुमची उकळी कमी गरम असते, पोरी. समुद्रकाठचीही उकळी ह्या जंतूला पुरत नाही, तुमची तर त्याला अंघोळीचं पाणी वाटेल.”

ती म्हणाली, “मी ती फरसबी मार्चमध्ये पेरली होती, खिडकीत, अंड्याच्या कवचात.” आणि रडायला लागली. मी सांत्वन वगैरे केलं नाही. टाकायची कशी ते सांगितलं. बरणीसकट, पिशवीत बांधून, कुत्रं पोचणार नाही अशी. अर्ध्या तासानं वेसचा पुन्हा फोन आला. टाकली म्हणाला. रविवारी बटाटे करतोय म्हणाला.

फोन ठेवला आणि बघते तर हार्लन खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांत डोकं धरून.

“ते पान वर आलं, कारण तुझं खाली गेलं,” तो म्हणाला. “आणि तुझं माझ्यामुळे गेलं.”

“हो,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? “आणि तू भाडं भरलं नसतंस तर दोन वर्षांपूर्वीच माझं पान मिटलं असतं, तेही खरं. आता ऊठ. बिलिंग्जला जायचंय.”

गाडी त्यानं चालवली. ड्वोरॅकच्या पुढ्यात मी त्याचे पैसे ठेवले आणि लिंक काढतोय म्हणून सांगितलं. ड्वोरॅक लाल झाला.

“मी वाईट बरण्या विकतो का, विनीबाई?”

“तुमच्याइतक्या चांगल्या कुणी विकत नाही.”

“मग पैसेही परत आणि लिंकही गेली? हा कुठला धंदा?”

मी पायची गोष्ट सांगितली, जोलीनचीही सांगितली. तो बराच वेळ काउंटर पुसत राहिला. मग ते पैसे त्यानं पुन्हा माझ्याकडे सरकवले. “सर्व्हरला वापरा. लिंक नको, माझं नावही कुठे नको. गिऱ्हाईक जगलं तरच पुढच्या वर्षी बरण्या घ्यायला येईल ना?”

येताना गाडीत हार्लन म्हणाला, नव्या अर्जात माझं नाव लिही. मी म्हटलं, नाही. पहिल्या वेळी मी तुझ्यावर ढकललं होतं, साइट माझी आहे. ह्यावर आम्ही घरापर्यंत भांडलो. शेवटी अर्जात लिहिलं तेच साइटच्या पहिल्या पानावरही लावलंय. जाऊन बघ हवं तर.

मावशी

सॅन होजे
१९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

बघितलं. कुठल्याही वाचकाला दिसतं, म्हणून मलाही दिसलं.

‘ह्या साइटवर पैसे घेऊन लिंका लावल्या होत्या. पान माझं, म्हणून चूक माझी. विनिफ्रेड टोलेफसन.’ आणि त्याखाली, ‘त्या मी विकल्या, आणि तिला सांगितलं नाही. हार्लन ओस्बी.’ ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम तू तसाच ठेवलास.

मावशी, ह्या कामात मी बरीच वर्षं आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे अर्ज वाचलेत, वकिलांनी लिहिलेले. सगळ्यांत एकच वाक्य असतं, की आम्हाला माहीत नव्हतं, नेमलेल्या माणसानं केलं. त्या माणसाचं नाव कधी नसतं आणि सही करणाराही जबाबदार नसतो. एकाच चुकीवर दोन माणसं हक्क सांगून भांडताहेत, असं मी पहिल्यांदाच बघितलं. वाचून मी खुर्चीतून उठलो आणि इमारतीभोवती एक फेरी मारून आलो.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगतो. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी वरिष्ठांना सांगितलं की ही माझी मावशी आहे. त्यांनी मला अर्ज वाचण्याच्या कामावरून काढून दुसरीकडे बसवलं, तुझं प्रकरण मिटेपर्यंत. उन्हाळाभर मी जुन्या नोंदींची साफसफाई करतोय. कंटाळवाणं काम आहे, पण तुझा अर्ज कुणा तिऱ्हाइतानं वाचावा आणि त्याच्यावर माझी सावलीही पडू नये, असं मला वाटत होतं. तो मंजूर झाला तर तो तुमच्या दोघांचा असेल.

क्लेटन

लुइसटाउन
२१ ऑक्टोबर

प्रिय क्लेटन,

उन्हाळाभर! आणि मी तुला कान धरायच्या धमक्या देत होते. तुझी आई फुशारकी मारायची तेव्हा मी मनात हसायचे. आता तिच्यासारखीच मारते. काल वाण्याला सांगितलं, आज चर्चमध्ये सांगितलं.

शुक्रवारी हार्लन रस्ता ओलांडून आला, थंडीत, कोट न घालता. लॅपटॉप माझ्या पोळपाटावर ठेवला. शिक्षा मागे घेतली आहे! मी ‘फरसबी बरणीत कशी टिकवायची’ टाइप केलं. सगळ्यात वर विद्यापीठाचं पान आहे, मग सरकारी खात्याचं, मग मी. पूर्वी मी पहिली होते.

“लिंका विकल्या म्हणून काही तू पहिली नव्हतीस,” हार्लन घाईनं म्हणाला. “ते चढेल पुन्हा.”

“नाही चढलं तरी चालेल,” मी म्हटलं. “वरचे दोघं बरोबर लिहितात. त्यांच्या खाली बसायला मला कसली लाज?” ती आजीवाली बाई कुठल्या पानावर गेली, ते शोधायचा मी कंटाळा केला.

हे बोलत असतानाच चुलीवरचा फोन वाजला. वेस आणि जोलीन. शिकारीचा मोसम आहे, त्यानं एल्क हरीण मारलंय आणि तिनं प्रेशरचं मोठं भांडं विकत घेतलंय. मांसाच्या पहिल्याच बरण्या आत आहेत आणि भांडं भयंकर आवाज करतंय, फुटेल की काय, दोघंही स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभे.

“फोन आत ने,” मी म्हटलं. “भांड्याजवळ धर.”

“मी नाही जात,” वेस म्हणाला. जोलीन गेली.

हार्लननं आमच्याकडचा रिसीव्हर दोघांच्या मधे धरला. आधी नुसतं खरखर. मग ऐकू आलं. झाकणावरचं वजन डुलत होतं, खडखड, खडखड, एका लयीत, मागेपुढे न होता.

“विनीबाई?” लांबून जोलीनचा आवाज आला. “हे बरोबर आहे का?”

“अगदी बरोबर आहे, पोरी,” मी म्हटलं. “असंच वाजू दे.”

तुझी,
विनी मावशी